हे घर कोणाचे?

आजचे वाचन : श्रीमत् दासबोध, दशक 1, समास 10 (नरदेहस्तवननिरूपण)

जय जय रघुवीर समर्थ.

रोज एक समास वाचायचा आणि त्यावर चार ओळी इथे लिहायच्या, हा आपला नेम. दोनशे समास, म्हणजे दोनशे दिवसांत ग्रंथ पुरा होतो आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. नेहमीच्या वाचकांच्या लक्षात आले असेल की मागच्या आवर्तनात दहावा दिवस कोराच राहिला होता. नवव्या समासावर लिहिले आणि मग एकदम दुसऱ्या दशकातल्या मूर्खलक्षणांवर आलो. दोघा-तिघांनी विचारलेही होते, "काका, दहावा राहिला का?" मी "तब्येत बरी नव्हती" असे सांगितले होते. ते खरे नव्हते. समास वाचला होता, पण त्यावर लिहायला हात धजला नाही. आज तो पुन्हा समोर आला आहे, तेव्हा तेव्हाची बाकी आज फेडतो.

या समासात समर्थ नरदेहाची थोरवी सांगतात आणि सांगता सांगता घराचा दृष्टान्त देतात. माणूस खपून घर बांधतो आणि म्हणतो, हे माझे. पण त्याच घरावर उंदरांचा दावा असतो, पालींचा असतो, माश्या, कोळी, मुंग्या, विंचू, साप, झुरळे सगळ्यांचा असतो. कुत्री-मांजरे आहेत, गडीमाणसे आहेत, पाहुणे आणि मित्र आहेत. चोरही आपला हक्क सांगतो, राजाची माणसे सांगतात आणि सरतेशेवटी अग्नीही सांगतो. ही यादी वाचताना पहिल्यांदा हसू येते. मग समर्थ तिचा शेवट सांगतात. ते ओझे त्या बिचाऱ्या माणसाला पेलेनासे होते आणि तो मुलूख सोडून निघून जातो. घर मागे किडामुंगीला राहते.

गेल्या वर्षी, 2025 च्या पावसाळ्याच्या तोंडी, मीही मुलूख सोडायच्याच बेतात होतो. फरक इतकाच की समर्थांचा माणूस घराच्या ओझ्याने निघाला आणि मी आणखी एक घर घ्यायला निघालो होतो.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. 1994 साली घेतलेला फ्लॅट. बँकेतली नोकरी, कर्ज, हिच्या पगारातून भरलेले हप्ते. मुलगा दुबईला. सून, आठ वर्षांचा नातू. मुंबईहून तीन-सव्वातीन तासांचे विमान. बदलापूरहून नरिमन पॉइंटला जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याला विचारा, तो म्हणेल एवढा वेळ तर रोजच जातो! तिथे आपली माणसे आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. जेबेल अलीला 2022 साली मोठे मंदिर झाले, अबुधाबीला 2024 साली स्वामीनारायणाचे झाले. देवधर्माची अडचण नाही.

आमच्या आधीची पिढी निवृत्त झाली की कोकणातल्या गावी जायची, नाही तर पुण्या-नाशकाला. आमच्या पिढीने नेरळ-कर्जत धरले. आता अंधेरीच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी परदेशातल्या घरांची प्रदर्शने भरतात. आम्ही असेच एका प्रदर्शनाला गेलो. चहा-सामोसे, थंडगार हवा, टाय लावलेला मराठी मुलगा. तो म्हणाला, "काका, पंचावन्नच्या पुढे वय आणि दहा लाख दिरहमचं घर, एवढं असलं की निवृत्तांचा व्हिसा मिळतो. पाच वर्षांचा, पुढे वाढवून मिळतो." हिशेबाला सोपा म्हणून आम्ही दिरहमचा भाव 23 रुपये धरला. म्हणजे दोन कोटी तीस लाख. आमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक दोन कोटी साठ लाख द्यायला तयार होते. हा विकायचा, तो घ्यायचा, वर तीस लाख उरतील. परतीच्या गाडीत अंधेरी ते घाटकोपर मेट्रो आणि तिथून मुलुंड, एवढ्या वेळात आम्ही नातवाची खोली कोणत्या बाजूला ते ठरवूनसुद्धा टाकले.

आता वरखर्चाची गोष्ट. इथे मुंबईत घर घेतानाही किंमत कधी एकटी येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. मुद्रांक शुल्क सहा टक्के, नोंदणीचे तीस हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी, दलाली. मी बँकेत कर्ज खात्यावर नोकरी केली आहे. लोकांना मीच सांगायचो, "घराची किंमत सांगू नका, घर पदरात पडेपर्यंतचा खर्च सांगा." स्वतःच्या वेळी मात्र विसरलो. रात्री वही काढून बसलो तेव्हा एकेक दावेदार पुढे येऊ लागला.

पहिला तिथला भूमी विभाग. किमतीच्या चार टक्के, म्हणजे 40,000 दिरहम. दुसरा दलाल, दोन टक्के आणि त्यावर पाच टक्के व्हॅट, म्हणजे 21,000. तिसरे हस्तांतराचे काम करणारे अधिकृत कार्यालय, व्हॅट धरून 4,200. झाले 65,200 दिरहम, आपले पंधरा लाख रुपये. अजून किल्ली हातात नाही. मग विजेच्या जोडणीची अनामत. मग इमारतीचा सेवाआकार, तो चौरस फुटावर असतो. आम्ही पाहिलेल्या घराला सातशे फुटांना वर्षाचे अडीच लाखांच्या वर पडत होते. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स वर्षाला पन्नास-पंचावन्न हजार आहे आणि त्यावरूनही सर्वसाधारण सभेत आवाज चढतात! त्या वाळवंटात थंड हवेचे बिल पुष्कळ इमारतींत आणखी वेगळे. तिथे राहायचे तर आरोग्य विमा सक्तीचा, आणि मला साखर, हिला रक्तदाब. इथली मेडिक्लेम तिकडे चालत नाही. शिवाय मृत्युपत्र तिथे नोंदवून ठेवायचे, नाही तर मागच्यांची धावपळ. त्याची फी निराळी.

हे झाले तिकडचे. दुसऱ्या दिवशी सीएकडे गेलो, त्याने इकडचे दावेदार दाखवले. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. दहा लाख दिरहम म्हणजे सुमारे दोन लाख बहात्तर हजार डॉलर. म्हणजे माझ्या एकट्याच्या नावावर भागत नाही, हिचेही नाव लागणार. दोघांनी मिळून दोन कोटी पंचेचाळीस लाख पाठवायचे, तर प्रत्येकी दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस कापणार. तो होतो पंचेचाळीस लाख. हा काही जादा कर नाही, विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत येतो. पण येईपर्यंत अडकतो. रुपयाचे डॉलर करताना बँक भावात फरक ठेवते. डॉलरमागे एक रुपया धरला तरी तीन लाखांच्या आसपास गेले. आणि दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तपशील द्यायचा. तो दिला नाही तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

शेवटी तो म्हणाला, "काका, मुख्य गोष्ट राहिलीच. राहतं घर विकून दुसरं राहतं घर घेतलं की भांडवली नफ्यावर सूट मिळते, कलम 54. पण 2014 च्या दुरुस्तीनंतर ते दुसरं घर भारतातच हवं. दुबईच्या घराला सूट नाही."

2001 सालची किंमत बारा लाख धरून नफा निघाला दोन कोटी अठ्ठेचाळीस लाख. त्यावर साडेबारा टक्के, वर सरचार्ज आणि सेस. सदतीस लाख कर. टीसीएस आणि हा कर एकाच वर्षात आले तर एकमेकांत वळते होतील हे खरे, पण कर तो करच. दोन साठमधून सदतीस गेले, राहिले दोन कोटी तेवीस. लागणार दोन पंचेचाळीस. जे तीस लाख उरणार होते, त्यांच्या जागी बावीस लाखांचा खड्डा. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत तीस लाख आहेत, त्यांच्या 8.2 टक्के व्याजावर आमचा महिना चालतो. ते मोडायचे म्हणजे घर घेऊन जेवणाचे वांधे.

वाचकहो, इथपर्यंत ही नुसती हिशेबाची गोष्ट आहे. इथून पुढे जे झाले त्यामुळे दहावा दिवस कोरा राहिला.

आमचा फ्लॅट घेणाऱ्या गृहस्थाने निरोप पाठवला की साठ लाख तो रोखीने देऊ शकेल. करारात दोनच कोटी दाखवू. रेडी रेकनरच्या हिशेबात ते बसत होते. आणि त्याच आठवड्यात एका ओळखीच्याने सांगितले की असे रोख पैसे इथे दिले की तिथे दिरहम मिळतात. कागद नाही, टीसीएस नाही, एका दिवसात काम. मी लगेच नाही म्हणालो नाही. मी वही काढली. करात नऊ-दहा लाख वाचत होते. बावीसचा खड्डा बारावर येत होता. बारा लाख फिक्स डिपॉझिटमधून निघाले असते. जमत होते!

चार दिवस मी तो हिशेब घासत होतो. बँकेत पस्तीस वर्षे लोकांच्या सह्या तपासणारा माणूस. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊन घराचा व्यवहार करणे बेकायदेशीर आहे हे मला कोणी सांगायला नको होते. परकीय चलनाच्या कायद्यात तिपटीपर्यंत दंड आहे हेही ठाऊक होते. तरी मनाला पटवत होतो. सगळेच करतात. आपण कुठे चैन करतोय, नातवाजवळच जातोय ना? आणि सरकारने तरी सूट का काढून घेतली? गरज असली की मन किती हुशार वकील होते, ते त्या चार दिवसांत पाहिले.

आणि सकाळी नेमाने दासबोध उघडला तर हाच समास. घराच्या दावेदारांची यादी. राजाची माणसे वाचली तेव्हा हसलो, म्हटले हे आमचे प्राप्तिकरवाले. आणि तिथेच चोर होता. मी त्या शब्दापाशी थांबलो. इतकी वर्षे वाचताना मला वाटायचे, चोर म्हणजे रात्री बाहेरून येणारा. या वेळी लक्षात आले की घरावर दावा सांगणारा चोर घरातच वही घेऊन बसला आहे. त्या दिवशी मी काही लिहिले नाही. तुम्हाला काय लिहून देणार होतो? निःस्पृहतेवर चार ओळी?

मला एक सांगा, आपण वरखर्चाला इतके का चिडतो? मला वाटते, त्याचे कारण रक्कम नाही. किमतीचा आकडा आपण मनात "माझे" म्हणून लिहिलेला असतो. मग जो जो येऊन हात पुढे करतो, तो आपल्याला लुटारू वाटतो. समर्थ नेमके उलटे सांगताहेत. दावेदार नंतर येत नाहीत. ते आधीपासूनच असतात. तुम्ही भिंत घातलीत की पाल आलीच. जमीन नोंदवून ठेवणारे खाते आहे म्हणून तर घर उद्या माझेच राहील याची खात्री आहे, त्याचे चार टक्के. लिफ्ट कोणीतरी चालू ठेवतो, त्याचा सेवाआकार. माझ्या मुलुंडच्या फ्लॅटचे बारा लाखांचे दोन कोटी साठ लाख झाले. ते काय माझ्या कर्तबगारीने? रेल्वे आली, रस्ते झाले, शाळा-कॉलेजे झाली, हजारो माणसांनी इथे वस्ती केली, म्हणून झाले. त्या वाढीतला सातवा हिस्सा सगळ्यांच्या तिजोरीत जावा, यात अन्याय तो काय? मी मात्र स्वतःला फसवला गेलेला समजत होतो.

तेव्हा एक गोष्ट मला मान्य करावी लागली. दावे खोटे नव्हते, माझी ऐपत कमी होती. माझ्या इच्छेची किंमत माझ्या खिशापेक्षा मोठी होती आणि तो फरक मी दुसऱ्यांच्या हिश्श्यातून भरून काढू पाहत होतो. चोरीची याहून साधी व्याख्या काय असणार? रोख घेतली असती तर बहुधा पकडलो गेलो नसतो. पण घर घेऊन तिथल्या देवघरात रोज दासबोध उघडायचा होता ना?

पाचव्या दिवशी सकाळी हिला सगळे सांगितले, रोखीचेही. वाटले होते चिडेल. ती भाजी निवडत होती. तिने एवढेच विचारले, "व्हिसा तुमच्या नावाने, मी तुमच्यावर अवलंबून. तुमच्या माघारी माझं काय? मी तिथे कोणाच्या नावावर राहायचं?"

मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "तेव्हा बघता येईल, काका." हा प्रश्न मी वहीत कुठेच लिहिला नव्हता. घर दोघांच्या पैशाचे, मुलुंडच्या हप्त्यांत निम्मे तिचे, आणि माझ्या माघारी तिचे काय याचे उत्तर "तेव्हा बघू." सगळ्या वरखर्चात हा सगळ्यांत मोठा होता, आणि तो तिच्या नावावर पडत होता.

रात्री मुलाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, मी स्वतः इथे भाड्याने राहतो. माझा व्हिसा नोकरीवर आहे. नोकरी बदलली तर मी उद्या दुसऱ्या देशात. तुम्ही घर घेतलंत तर मला इथून हलता येणार नाही. हलायला हवं असलं तरी." त्याने हे आधी का सांगितले नाही? कारण आम्ही त्याला विचारलेच नव्हते, आनंदाची बातमी म्हणून नुसते कळवले होते. आम्हाला वाटत होते, घर घेऊन आपण त्याच्यावर भार टाकत नाही. प्रत्यक्षात आमच्या घराचा आयुष्यभराचा हप्ता तो भरणार होता, आपल्या पायातल्या बेडीने.

आणि मग मुलुंडचे दावेदारही आठवले. डोंबिवलीची माझी थोरली बहीण भाऊबीजेला येते, तिला दुसरे माहेर नाही. आमच्याकडे बावीस वर्षे काम करणाऱ्या ताई, त्यांच्या मुलीची बारावी आमच्या बाहेरच्या खोलीत झाली. चिंतामणराव देशमुख उद्यानातले सकाळचे आमचे टोळके, त्यातल्या एकाला आता दिसत नाही, मी हात धरून फेरी मारवतो. गुरुवारचे दासबोधाचे वाचन. समर्थांच्या यादीत पाहुणे आहेत, मित्र आहेत, गडीमाणसेही आहेत. त्यांना समर्थांनी उंदीर-विंचवांच्याच रांगेत बसवले आहे, हे आधी जरा कठोर वाटायचे. आता वाटते, ते कोणाला कमी लेखत नाहीत, फक्त मालकाचा भ्रम काढताहेत. पण मालकी गेली की नाते जाते असे कुठे आहे? घर माझे नाही म्हटल्यावर माझ्याकडे काय उरते? ज्याचा जो हिस्सा, तो त्याला देण्याचे काम. कराचा पैशाने, माणसांचा वेळाने.

याचा अर्थ परदेशात घर घेऊ नये, असा कोणी काढू नका. आमच्याच ओळखीतल्या एका जोडप्याने गेल्या वर्षी घेतले, पांढऱ्या पैशात, इथले घर न विकता, सगळा कर भरून, पत्नीच्या नावाचा पक्का बंदोबस्त करून. त्यांची ऐपत होती, त्यांनी सगळे दावेदार आधी मोजले होते. ते सुखात आहेत आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. मुलाबाळांजवळ राहावेसे वाटणे ही काही आसक्तीच नव्हे, तो जिवाचा धर्म आहे. आणि माझ्या मनातला एक आक्षेपही लिहून ठेवतो. "ऐपत नव्हती म्हणून वैराग्य आले," असे कोणी म्हणेल. खरे आहे. खिशात आणखी बावीस लाख असते तर हा लेख लिहिला गेला असता का, मला सांगता येणार नाही. पण ऐपत नसताना दुसऱ्याच्या हिश्श्यावर हात न टाकणे, एवढे तरी आपल्या हातात असते. वैराग्य पुढची पायरी. ही त्याच्या आधीची, आणि मी तिच्यावरच घसरत होतो.

आपल्या शास्त्रांत उतारवयाला वानप्रस्थ सांगितला आहे, आहे ते घर मुलाच्या हाती देऊन हलके व्हायचे. आम्ही वानप्रस्थाच्या वयात नव्या घराचे शुल्क मोजत होतो. समर्थ स्वतः 1676 च्या सुमारास सज्जनगडावर राहायला आले आणि 1682 ला तिथेच त्यांनी देह ठेवला. गड त्यांच्या मालकीचा नव्हता, शिवछत्रपतींनी राहायला दिलेली जागा. ज्यांनी घराच्या दावेदारांची ती यादी केली, त्यांचा शेवटचा मुक्काम दुसऱ्याच्या जागेत, मोकळ्या मनाने. आपण काही समर्थ नाही. आपल्याला चार भिंती लागतात, त्यात लाज नाही. पण राहण्यासाठी मालकी लागतेच असे नाही, एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.

मग आम्ही काय केले? फ्लॅट विकला नाही. गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हटले, रोखीवाल्यालाही. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, निसरडी फरशी बदलली. गेल्या हिवाळ्यात महिनाभर पर्यटक व्हिसावर दुबईला जाऊन आलो, मुलाच्या भाड्याच्या घरात राहिलो. नातवाबरोबर एका खोलीत, खाली गादी घालून. तो रात्री मारुतीची गोष्ट ऐकून झोपायचा. नंतर रुपया आणखी घसरला, म्हणजे आमचा खड्डा आज आणखी मोठा झाला असता. पण त्याचा आनंद मानू नये हे मला कळते. घसरला नसता तरी उत्तर तेच होते.

परवा वही चाळताना ती जुनी पाने सापडली. फाडावीशी वाटली, पण ठेवली आहेत. पुढच्या आवर्तनात हा समास येईल तेव्हा पुन्हा वाचीन.

आजचा अभ्यास : एका कागदावर आपल्या घराचे दावेदार लिहा. सरकार, सोसायटी आणि बँक आधी आठवतील, ते लिहा. मग ज्यांच्या नावाची पावती नसते, ते लिहा. आपल्या माघारी या घरात कोण एकटे उरेल, त्याचे नाव सगळ्यात वर लिहा आणि आज त्याच्याशी बोला. यादीत कुठे आपलेच नाव चोर म्हणून लिहावेसे वाटले, तर घाबरू नका, ते आजच खोडता येते.

उद्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास, मूर्खलक्षण. या वेळी दहावा ओलांडून सरळ तिथे जातो आहे, मध्ये काही गाळलेले नाही.

जय जय रघुवीर समर्थ.